कमांड शेलमधील प्लगइन व्यवस्थापन : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६३ ते २०२४)

सारांश :

संगणकाशी लिखित आज्ञांच्या माध्यमातून संवाद साधणाऱ्या आज्ञावलीस 'शेल' असे म्हणतात. या शेलला नवी क्षमता देणाऱ्या छोट्या पूरक आज्ञावल्या म्हणजे प्लगइन होत. हे प्लगइन मिळविणे, जोडणे, अद्ययावत ठेवणे व काढून टाकणे या कामांची व्यवस्था गेल्या साठ वर्षांत कशी घडत गेली, याचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. हा इतिहास सामान्यतः सोयीच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि तो त्याचबरोबर विश्वासाच्या स्थलांतराचाही इतिहास आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. प्रारंभी वापरकर्ता स्वतः लिहिलेल्या ओळींवर विसंबून होता. पुढे तो सहकाऱ्यांच्या ओळींवर, नंतर एका मोठ्या संग्रहावर आणि शेवटी कधीही न भेटलेल्या अनेक व्यक्तींवर विसंबू लागला. २०२१ मधील दोन घटनांच्या आधारे या परिवर्तनाची किंमत येथे तपासली आहे.

बीजशब्द : शेल, युनिक्स, प्लगइन, झेडएसएच, मुक्त आज्ञावली, विश्वास, जतन.

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात मोठ्या यंत्रांना आणि मोठ्या कंपन्यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे दैनंदिन वापराच्या छोट्या साधनांना मिळाले नाही. वाफेच्या इंजिनाचा इतिहास लिहिला जातो. परंतु त्या इंजिनाला वंगण घालणाऱ्या कामगाराने स्वतःसाठी घडविलेल्या हत्याराचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. संगणकाच्या बाबतीतही हेच घडले आहे. संगणकतज्ज्ञ, संशोधक आणि विद्यार्थी दिवसाचे अनेक तास ज्या काळ्या पडद्यासमोर आज्ञा टंकित करीत बसतात, त्या पडद्यामागील शेल आणि त्याला जोडलेल्या पूरक आज्ञावल्या हा विषय तांत्रिक पुस्तिकांपुरता मर्यादित राहिला. वास्तविक एखाद्या व्यवसायातील माणसे आपली हत्यारे कशी घडवितात, ती एकमेकांना कशी देतात आणि देणारा निघून गेल्यावर त्यांचे काय होते, हे प्रश्न मूलतः सामाजिक इतिहासाचे आहेत. या दृष्टीने प्रस्तुत विषयाची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. शेल व प्लगइन या संकल्पनांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. प्लगइन व्यवस्थापनाच्या विकासातील प्रमुख टप्पे निश्चित करणे.
३. या व्यवस्थेत अनुस्यूत असलेल्या विश्वासाच्या व जतनाच्या प्रश्नांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, शेलच्या प्रसिद्ध पुस्तिका आणि संबंधित आज्ञावल्यांची सार्वजनिक रीतीने उपलब्ध असलेली माहिती यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती युनिक्स परंपरेतील शेलपुरती मर्यादित असून त्यातही झेडएसएच या शेलवर विशेष भर दिला आहे. प्लगइन व्यवस्थापनाचे सर्वाधिक प्रयोग याच शेलच्या भोवती झाले, हे त्याचे कारण होय.

१. संकल्पना स्पष्टीकरण :

शेल या शब्दाचा अर्थ कवच किंवा टरफल असा आहे. कार्यप्रणालीचा गाभा आत असतो आणि वापरकर्ता बाहेर. या दोहोंमध्ये जे कवच असते ते वापरकर्त्याची आज्ञा वाचते, तिचा अर्थ लावते आणि योग्य ती आज्ञावली चालविते. साधारणपणे शेलमधून चालविलेली आज्ञावली ही स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालते आणि आपले काम संपल्यावर नाहीशी होते. शेलच्या अंतर्गत स्थितीवर तिचा परिणाम होत नाही.

प्लगइनचे स्वरूप मात्र यापेक्षा वेगळे आहे. प्लगइन म्हणजे शेलच्याच भाषेत लिहिलेली एक फाईल असते आणि ती चालू असलेल्या शेलमध्येच वाचून घेतली जाते. बोर्न शेलमध्ये या कामासाठी केवळ एक टिंब वापरले जाते, तर सी शेलमध्ये 'सोर्स' ही आज्ञा आहे. अशा रीतीने वाचलेली फाईल शेलच्या आत मुरते. ती आज्ञांना टोपणनावे देऊ शकते, नवी फंक्शन निर्माण करू शकते, कळफलकाच्या कळांचे अर्थ बदलू शकते आणि वापरकर्त्याला जे जे करण्याचा अधिकार आहे ते ते सर्व करू शकते. तिच्याभोवती कोणतेही कुंपण नसते. घरी आलेला पाहुणा ओसरीवर न थांबता थेट माजघरात वावरू लागावा, तसा हा प्रकार आहे. पुढील सर्व विवेचन समजून घेण्यासाठी हा एक तांत्रिक मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. पूर्वपीठिका : रनकॉम ते बोर्न शेल (१९६३-१९७९)

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे 'सीटीएसएस' ही कालविभाजनावर आधारित कार्यप्रणाली १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, ही त्यामागील कल्पना होती. या प्रणालीवर काम करणाऱ्या लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्याने १९६३-६४ च्या सुमारास 'रनकॉम' नावाची आज्ञावली लिहिली. फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक चालविणे हे तिचे काम होते. आज्ञांचा उपयोग करून नव्या आज्ञा रचता याव्यात, हा विचार त्यामागे होता. पुढे मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात पूझाँ यांनीच 'शेल' हा शब्द रूढ केला आणि ग्लेंडा श्रोडर यांनी १९६५ मध्ये मल्टिक्ससाठी पहिला शेल प्रत्यक्षात आणला. आजही शेलच्या वैयक्तिक मांडणीच्या फाईलींच्या नावांच्या शेवटी 'आरसी' ही अक्षरे आढळतात. ती 'रनकॉम' या शब्दाची खूण आहे. मूळ प्रणाली केव्हाच लोप पावली, परंतु तिचे नाव वापरकर्त्यांच्या फाईलींत राहिले आहे.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्सची उभारणी केली. १९७१ मध्ये युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला थॉम्प्सन यांचा शेल अत्यंत लहान होता. 'जर-तर' सारखी रचनाही शेलच्या बाहेरील स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविलेली होती. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये 'पाइप' ही सोय आली आणि एका आज्ञावलीचे फलित दुसरीकडे नळातून वाहत्या पाण्याप्रमाणे पोहोचविता येऊ लागले. शेल लहान ठेवावा व क्षमता बाहेरून जोडावी, ही दृष्टी या काळातच दृढ झाली. मात्र या टप्प्यावर जोडणी होत होती ती स्वतंत्र आज्ञावल्यांची. शेलच्या आत शिरणाऱ्या मजकुराची नव्हे.

१९७९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बिल जॉय यांचा सी शेल बर्कलीच्या वितरणातून बाहेर पडला. बोर्न शेलने 'प्रोफाइल' ही फाईल आणि सी शेलने 'सीएसएचआरसी' ही फाईल वापरकर्त्याच्या हाती दिली. सी शेलमध्ये पूर्वीच्या आज्ञांचा इतिहास व टोपणनावे यांची सोय होती. शेल सुरू होताच ही वैयक्तिक फाईल वाचली जात असे. अशा रीतीने प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःच्या शेलचे रूप ठरविण्याचा अधिकार प्राप्त झाला.

३. विस्ताराचा काळ : फंक्शन, मार्ग व मॉड्यूल (१९८०-२००१)

डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील आपल्या शेलची जाहीर ओळख करून दिली. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीत 'एफपाथ' नावाची एक सोय होती. कोणती फंक्शन कोणत्या फोल्डरात शोधावीत, याची यादी या चलात ठेवली जात असे आणि फंक्शनची प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हाच त्याची फाईल वाचली जात असे. प्लगइन व्यवस्थेचे खरे बीज येथे आढळते. कारण येथे पूरक मजकूर प्रथमच वैयक्तिक फाईलीतून बाहेर पडून स्वतंत्र ठिकाणी राहू लागला.

याच काळात मुक्त आज्ञावलीची चळवळ उभी राहत होती. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी, म्हणजे १९९० मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी पॉल फाल्स्टॅड यांनी झेडएसएच हा शेल लिहिला. त्याचे नाव तेथील झोंग शाओ या अध्यापन-साहाय्यकाच्या संगणकावरील खातेनावावरून घेतले होते. कॉर्न शेलमधील फंक्शनांच्या मार्गाची कल्पना झेडएसएचने स्वीकारली व पुढे वाढविली. १९९२ मध्ये पॉसिक्सच्या प्रमाणकाने शेलच्या भाषेचा सामाईक पाया निश्चित केला. मात्र वापरकर्त्याच्या सोयीचा जो वरचा मजला होता, तो प्रमाणकाच्या बाहेर राहिला आणि तेथेच प्रयोगांना वाव मिळाला.

येथे 'एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स' या व्यवस्थेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. जॉन फर्लानी यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या व्यवस्थेत वापरकर्ता एका आज्ञेने विशिष्ट सामग्री आपल्या शेलमध्ये चढवू शकतो आणि दुसऱ्या आज्ञेने ती उतरवूही शकतो. जे जोडले ते पूर्ववत काढता आले पाहिजे, हा विचार त्यात स्पष्ट आहे. महासंगणकांवर ही पद्धत आजही प्रचलित आहे. राष्ट्रीय महासंगणक अभियानांतर्गत पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या 'परम ब्रह्म' या संगणकाचे वापरकर्तेदेखील 'मॉड्यूल' याच आज्ञेने आपली सामग्री चढवितात. परंतु ही व्यवस्था संस्थेच्या प्रशासकाच्या हाती असते. काय उपलब्ध ठेवावयाचे हे तो ठरवितो व त्याची जबाबदारीही तोच घेतो. पुढे व्यक्तिगत प्लगइनच्या बाबतीत असा जबाबदार मध्यस्थ उरला नाही.

२००० मध्ये आलेल्या बॅशच्या २.०४ या आवृत्तीत आणि २००१ मधील झेडएसएचच्या चौथ्या आवृत्तीत अर्धवट टंकित केलेली आज्ञा पूर्ण करण्याची व्यवस्था वापरकर्त्याला स्वतः रचता येऊ लागली. प्रत्येक आज्ञेसाठी अशी पूर्ती-फंक्शन लिहिणे हे एका व्यक्तीच्या आवाक्यातील काम नव्हते. त्यामुळे सामूहिक संग्रहाची गरज निर्माण झाली.

४. संग्रहाचा काळ : ओह माय झेडएसएच (२००९)

२००९ पूर्वी शेलच्या मांडणीची देवाणघेवाण हातोहात होत असे. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याची फाईल मागून घ्यावयाची, तिची नक्कल करावयाची आणि तीत आपल्या ओळी घालावयाच्या, ही रीत होती. हस्तलिखित पोथ्यांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास हे चित्र अपरिचित वाटणार नाही. नक्कल करताना पाठभेद होत, काही ओळी गळत, काही क्षेपक घुसत आणि मूळ प्रत कोणाची, हे कालांतराने सांगता येत नसे. मूळ लेखकाने एखादी चूक दुरुस्त केली, तरी ती दुरुस्ती नकलेपर्यंत पोहोचत नसे.

अमेरिकेतील रॉबी रसेल या आज्ञावलीकाराने ही अडचण ओळखली. आपली झेडएसएचची मांडणी सहकाऱ्यांना सुलभपणे वापरता यावी, या हेतूने त्याने ऑगस्ट २००९ मध्ये 'ओह माय झेडएसएच' हा संग्रह सार्वजनिक केला. प्रत्येक विषयाचे प्लगइन वेगळ्या फोल्डरात असावे, त्याच्या फाईलीच्या नावात 'प्लगइन' हा शब्द यावा आणि वापरकर्त्याने आपल्या फाईलीत केवळ हव्या असलेल्या प्लगइनांची नावे लिहावीत, अशी साधी रचना त्याने रूढ केली. पडद्यावरील आज्ञासूचकाचे रूप ठरविणाऱ्या 'थीम' या प्रकारासही स्वतंत्र स्थान मिळाले. 'गिटहब' हे २००८ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ आज्ञावल्यांच्या देवाणघेवाणीचे केंद्र बनत होते. त्यामुळे अनोळखी व्यक्तीही आपली भर सुचवू शकल्या. आज या संग्रहात तीनशेहून अधिक प्लगइन असून त्यास हातभार लावणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली आहे. २०१९ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांवर झेडएसएच हाच नव्या खात्यांसाठीचा मूळ शेल ठरविल्यावर या संग्रहाचा वाचकवर्ग अधिकच विस्तारला.

संग्रहाच्या या पद्धतीचा लाभ असा की, सर्व मजकूर एका ठिकाणी असतो आणि संपादकमंडळासारखा एक गट त्यावर लक्ष ठेवतो. तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. संग्रहाबाहेरील प्लगइन वापरावयाचे झाल्यास ते वापरकर्त्याने स्वतः उतरवून विशिष्ट फोल्डरात ठेवावे लागे व स्वतःच अद्ययावत ठेवावे लागे. शिवाय एखाद-दुसऱ्या सोयीसाठी संपूर्ण संग्रह घरी आणावा लागे.

५. व्यवस्थापकांचा काळ (२०१२ नंतर)

वरील मर्यादांवर उपाय म्हणून २०१२ मध्ये श्रीकांत शरत यांनी 'अँटिजेन' हा झेडएसएचसाठीचा प्लगइन व्यवस्थापक प्रसिद्ध केला. त्याची प्रेरणा विम या मजकूर-संपादकासाठी असलेल्या 'वंडल' या साधनात होती. वापरकर्त्याने आपल्या फाईलीत प्लगइनचा पत्ता लिहावा. तो मजकूर उतरविणे, योग्य ठिकाणी ठेवणे व शेलमध्ये वाचून घेणे ही कामे व्यवस्थापकाने करावीत, अशी ही पद्धत होती. यामुळे एका केंद्रीय संग्रहाची आवश्यकता संपली. जगातील कोणत्याही व्यक्तीच्या भांडारातील मजकूर आता एका ओळीत आपल्या शेलमध्ये येऊ शकत होता.

पुढील दशकात अशा व्यवस्थापकांची मोठी परंपरा निर्माण झाली. या परंपरेतील नावेही लक्षणीय आहेत. विम संपादकासाठी टिम पोप यांनी लिहिलेला 'पॅथोजेन' म्हणजे रोगकारक. झेडएसएचसाठी 'अँटिजेन' म्हणजे प्रतिजन. त्यावरून घडलेला 'अँटिबॉडी' म्हणजे प्रतिपिंड. आणि अँटिबॉडीचे काम थांबल्यावर त्याची जागा घेणारा 'अँटिडोट' म्हणजे उतारा. बाहेरून शरीरात काही शिरते आहे, याची जाणीव या नावांतून नकळत व्यक्त झाली आहे, असे म्हणता येईल.

या व्यवस्थापकांसमोर तीन प्रमुख प्रश्न होते. पहिला प्रश्न वेगाचा होता. प्लगइनांची संख्या वाढली की शेल उघडण्यास लागणारा वेळ वाढतो. 'झेडजेन' या साधनाने सर्व प्लगइनांची एक तयार यादी आगाऊ करून ठेवण्याचा मार्ग काढला. तर आरंभी 'झेडप्लगइन' व पुढे 'झिनिट' या नावाने ओळखल्या गेलेल्या व्यवस्थापकाने आज्ञासूचक दिसल्यानंतर सवडीने प्लगइन वाचण्याची युक्ती योजली. दुसरा प्रश्न क्रमाचा होता. सर्व प्लगइन एकाच शेलमध्ये वावरत असल्याने कोण आधी व कोण नंतर यास महत्त्व येते. आज्ञेतील शब्दांना रंग देणारे प्लगइन सर्वांत शेवटी जोडावे, असे त्याच्या पुस्तिकेतच नमूद आहे; कारण इतरांनी निर्माण केलेल्या संपादन-सोयींना त्यास वेढून घ्यावयाचे असते. तिसरा प्रश्न काढून टाकण्याचा होता. झिनिटने प्रत्येक प्लगइनने कोणती फंक्शन, टोपणनावे व कळा बदलल्या याची नोंद ठेवून ते उतरविण्याची सोय दिली. १९९१ च्या मॉड्यूल पद्धतीतील विचारच येथे पुन्हा प्रकट झाला.

वेग, क्रम व उतरविणे या तिन्ही प्रश्नांवर बुद्धिमान उत्तरे शोधली गेली. आपल्या शेलमध्ये शिरणारा मजकूर कोणी वाचला आहे काय, या चौथ्या प्रश्नावर मात्र तेवढे श्रम झाले नाहीत.

६. २०२१ मधील दोन घटना :

पहिली घटना झिनिटसंबंधी आहे. झिनिट व त्याच्याशी संलग्न अनेक प्लगइन 'झेडधर्म' या नावाच्या सामूहिक खात्याखाली ठेवलेली होती. २०२१ च्या उत्तरार्धात मूळ कर्त्याने हे संपूर्ण खाते पूर्वसूचनेशिवाय काढून टाकले. ज्या पत्त्यावरून प्लगइन उतरविले जात होते तो पत्ताच नाहीसा झाला. परिणामी नव्या संगणकावर मांडणी उभी करणे अशक्य झाले व जुन्या संगणकांवरील प्लगइन अद्ययावत होणे थांबले. येथे कर्त्यास दोष देणे इतिहासाच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे. त्याने मोबदला न घेता केलेले काम त्याने मागे घेतले. असंख्यांच्या दैनंदिन कामाचा भार त्याच्या एकट्याच्या खात्यावर यावा, असा करार त्याने कोणाशीही केला नव्हता.

तथापि कथा येथे संपत नाही. 'गिट' या पद्धतीत भांडाराची नक्कल करणाऱ्या प्रत्येकाकडे मजकुराबरोबर त्याचा बदलांचा इतिहासही येतो. वापरकर्त्यांच्या संगणकांवर अशा प्रती शिल्लक होत्या. त्यांच्या आधारे काही वापरकर्त्यांनी एकत्र येऊन 'झेडधर्म-कंटिन्यूअम' या नावाने नवे सामूहिक खाते उभारले आणि काम पुढे चालू ठेवले. मूळ ग्रंथालय नष्ट झाल्यावर घरोघरच्या प्रतींवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा, त्यासारखेच हे कार्य होते. २००९ पूर्वीच्या नकलांमध्ये नसलेली गोष्ट, म्हणजे प्रत्येक बदलाची कर्त्याच्या नावासह व दिनांकासह नोंद, या वेळी हाताशी होती.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यातील आहे. ओह माय झेडएसएच या संग्रहातील काही प्लगइन व थीममधील सुरक्षाविषयक त्रुटी तेव्हा दुरुस्त करण्यात आल्या. त्यांपैकी एक प्लगइन केवळ एखादे सुभाषित संकेतस्थळावरून आणून पडद्यावर दाखवीत असे. मात्र ते दाखविण्याच्या पद्धतीत असा दोष होता की, आलेल्या मजकुरात विशिष्ट चिन्हे असल्यास शेल त्यांना आज्ञा समजून ती चालवू शकला असता. अत्यंत निरुपद्रवी भासणारे प्लगइनही संपूर्ण अधिकारानिशी चालते, ही पहिल्या विभागात सांगितलेली बाब येथे प्रत्ययास येते. दोष सापडला व दुरुस्त झाला, हे संग्रहावर लक्ष ठेवणारे अनेक डोळे असल्यामुळेच शक्य झाले, हेही नमूद केले पाहिजे.

७. विश्वासाचा प्रश्न :

वरील घटनांचा विचार करताना एका जुन्या व्याख्यानाचे स्मरण होते. युनिक्सच्या पहिल्या शेलचे कर्ते केन थॉम्प्सन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले व 'विश्वासावर विश्वास ठेवण्याविषयीचे चिंतन' अशा आशयाच्या शीर्षकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते व्याख्यान होय. भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीतच चोरवाट दडविली, तर मूळ मजकूर कितीही तपासला तरी ती सापडणार नाही, हे त्यांनी उदाहरणाने दाखविले. जे आपण स्वतः लिहिलेले नाही त्यावर ठेवलेला विश्वास हा अखेरीस लिहिणाऱ्या माणसांवरचा विश्वास असतो, असा त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ आहे.

हा प्रश्न शेलपुरता मर्यादित नाही. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने मागे घेतली आणि जावास्क्रिप्टच्या जगातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाईल संक्षिप्त करणाऱ्या साधनात हेतुपुरस्सर दडविलेली चोरवाट उघडकीस आली. ती घालणाऱ्याने कामाचा भार एकट्याने वाहणाऱ्या मूळ व्यवस्थापकाचा विश्वास दीर्घकाळ मदत करून संपादन केला होता. एका प्रकरणात कर्ता निघून गेला, तर दुसऱ्यात कर्त्याच्या शेजारी अयोग्य व्यक्ती येऊन बसली. दोन्हींच्या मुळाशी एकच वास्तव आहे : अनेकांच्या वापरातील साधनाची निगा एखादीच थकलेली व्यक्ती राखीत असते. प्लगइन व्यवस्थापकांनी हे वास्तव निर्माण केले नाही. परंतु जोडणी एका ओळीची केल्यामुळे ते वापरकर्त्याच्या नजरेआड मात्र गेले. पूर्वी सहकाऱ्याकडून फाईल घेताना निदान त्याचा चेहरा माहीत होता.

निष्कर्ष व शिफारशी :

१. प्लगइन व्यवस्थापनाच्या इतिहासात वैयक्तिक फाईल, हातोहात नक्कल, सामूहिक संग्रह व विकेंद्रित व्यवस्थापक असे चार टप्पे दिसून येतात. प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली आणि मजकूर लिहिणारा व वापरणारा यांच्यातील अंतरही वाढले.

२. प्लगइन शेलच्या आत, वापरकर्त्याच्या संपूर्ण अधिकारानिशी चालते, ही मूळ रचना १९७९ पासून बदललेली नाही. व्यवस्थापकांनी आणण्याची व ठेवण्याची रीत सुधारली. पारखण्याचे काम वापरकर्त्याकडेच राहिले.

३. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत जेथे असे प्लगइन वापरले जातात, तेथे त्यांची लेखी यादी ठेवावी, प्रत्येक प्लगइन विशिष्ट आवृत्तीशी बांधून ठेवावे, त्याची एक प्रत संस्थेच्या संगणकावर जतन करावी आणि जोडण्यापूर्वी ते कोणीतरी वाचावे. बहुतेक प्लगइन काही डझन ते काहीशे ओळींचे असतात. त्यांचे वाचन हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रात्यक्षिक पाठ ठरू शकतो.

४. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी बदलांच्या नोंदींसह असलेली ही भांडारे म्हणजे प्रथम दर्जाची अस्सल साधने आहेत. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेला 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा प्रकल्प अशा सार्वजनिक मजकुराचे जतन करीत आहे. झेडधर्मचे खाते नाहीसे झाल्यावर जे वाचले ते योगायोगाने कोणाच्या तरी संगणकावर राहिले होते म्हणून वाचले. दप्तरखान्यांतील कागदांच्या जतनासाठी आपण जो आग्रह धरतो, तोच आग्रह या नव्या दप्तरासाठीही धरणे इतिहासाच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.